चर्चिल : त्याने लिहिलेला आणि इतरांनी टिपलेला

चर्चिलबद्दल वाचायची गोडी मला मराठीतून लागली. वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ आणि वि. स. वाळिंब्यांचं ‘वॉर्सा ते हिरोशिमा’ ही पुस्तकं आमच्या पिढीच्या कितीतरी घरांत असायची. शेजारीपाजारी फिरून परत येईपर्यंत त्यांची बांधणी खिळखिळी झालेली असायची. या पुस्तकांत चर्चिल अधूनमधून येतो. तो आला की लढाईचं वर्णन बाजूला ठेवून त्याच्याच मागे जावंसं मला वाटे. हा माणूस पासष्टाव्या वर्षी पंतप्रधान झाला. त्याआधी १९२९ ते १९३९ अशी दहा वर्षं त्याच्याच पक्षाने त्याला मंत्रिमंडळाच्या दारात उभं केलं नव्हतं. मग मे १९४० मध्ये सगळा देश त्याच्या हाती कसा गेला? ते समजून घ्यायला इंग्रजी पुस्तकांकडे वळले. फोर्टच्या फुटपाथवर, ग्रंथालयांत, मिळेल तिथे शोधत राहिले. ते वेड अजून उतरलेलं नाही.

या साहित्याचा पसारा प्रचंड आहे. नुसत्या अधिकृत चरित्राचे आठ खंड आणि त्याला जोडून कागदपत्रांचे तेवीस. मुलगा रँडॉल्फने ते काम हाती घेतलं आणि दोन खंड पुरे करून १९६८ मध्ये तो गेला. त्याच्या हाताखाली उमेदवारी केलेल्या मार्टिन गिल्बर्टने उरलेले सहा खंड लिहिले, त्यातला शेवटचा १९८८ मध्ये आला. कागदपत्रांचा अखेरचा खंड निघायला मात्र २०१९ उजाडलं. तोवर गिल्बर्टही जाऊन चार वर्षं झाली होती. एका माणसाच्या आयुष्यामागे दोघांची आयुष्यं खर्ची पडली.

एवढ्या वाचनातून माझं एक मत पक्कं झालं आहे. चर्चिलने स्वतःबद्दल जे लिहिलं, त्यात त्याचा सर्वांत मोठा पराक्रम पुरता दिसत नाही, आणि त्याचं सर्वांत मोठं पापही दिसत नाही. दोन्ही सापडतात त्याच्या आसपासच्या माणसांनी रात्री दार लावून लिहिलेल्या रोजनिशांत. भारतीय वाचकाने तर त्या वाचायलाच हव्यात.

तरी सुरुवात त्याच्याच पुस्तकापासून करावी असं मी सांगेन. ‘माय अर्ली लाइफ’ (१९३०) हे त्याचं सर्वांत देखणं पुस्तक, आणि त्यात आपली मुंबई आणि आपलं पुणं आहे. ऑक्टोबर १८९६ मध्ये फोर्थ हुसार्स या घोडदळ पलटणीबरोबर एकविशीतला चर्चिल मुंबई बंदरात आला. जहाजावरून लहान होडीत बसून तो ससून डॉकला पोचला. लाटांनी होडी वर-खाली होत होती. धक्क्याच्या भिंतीतली लोखंडी कडी त्याने धरली आणि त्याच क्षणी होडी खालून सरकली. उजवा खांदा निखळला तो जन्माचाच अधू झाला. पुढे पोलो खेळताना त्याला तो हात अंगाशी पट्ट्याने बांधून घ्यावा लागे. १८९८ मध्ये सुदानमधल्या ओमदुर्मानच्या लढाईत घोड्यावरून चाल करताना त्याने याच खांद्यामुळे तलवारीऐवजी पिस्तूल वापरलं, आणि त्या पिस्तुलामुळेच आपण वाचलो असावे असं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. ससून डॉकवर आजही पहाटे मासळीचा बाजार भरतो. तिथली ओली, बुळबुळीत दगडी पायरी पाहिली की मला तो प्रसंग सहज डोळ्यांसमोर उभा करता येतो.

मुंबईहून पलटण पुण्याच्या तळावर आली. तिथे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या गणेशखिंडीतल्या वाड्यावर चर्चिलला जेवणाचं आमंत्रण होतं. जेवण उरकल्यावर गव्हर्नरसाहेबांनी काही प्रश्नांवर त्याचं मत विचारलं, आणि इतका उत्तम पाहुणचार झाल्यावर थोडक्यात उत्तर देणं बरं दिसणार नाही म्हणून त्याने ते सविस्तर दिलं, असं तो सांगतो. ही इमारत म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. चर्चिल तिथे जेवला त्याच्या आदल्याच महिन्यात मुंबईत प्लेगचं निदान झालं होतं. पुढे साथ पुण्यात आली, घरोघरच्या झडत्या सुरू झाल्या, आणि २२ जून १८९७ च्या रात्री याच वाड्यावरचा राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून निघालेल्या प्लेग-अधिकारी रँडवर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. सप्टेंबरमध्ये टिळकांना राजद्रोहासाठी दीड वर्षाची सजा झाली. चर्चिलच्या पुस्तकातलं पुणं आणि आपण शाळेपासून शिकलेलं पुणं यांच्यात आठ-नऊ महिन्यांचं अंतर आहे, वाडा तोच आहे. त्याला तेव्हा जे दिसलं नाही, ते पुढे पन्नास वर्षं दिसलं नाही.

पुण्याहून तो बंगळुरूला गेला. तिथल्या दुपारी त्याने ज्या तऱ्हेने सत्कारणी लावल्या, त्याचं मला विशेष अप्रूप वाटतं. विद्यापीठाचं तोंड न पाहिलेल्या या मुलाला आपण फार कमी जाणतो याची टोचणी लागली. त्याने आईला पत्र लिहून पुस्तकं मागवली. आधी गिबनचा रोमन साम्राज्याचा इतिहास, मग मेकॉले, मग प्लेटो, ॲरिस्टॉटल, डार्विन, माल्थस. सकाळी कवायत, संध्याकाळी पोलो, आणि मधल्या उन्हाच्या वेळी चार-चार तास वाचन. १९४० मध्ये रेडिओवरून जी वाक्यं लोकांच्या कानांवर पडली, त्यांची लय बंगळुरूच्या त्याच्या बंगल्यात घडली. हिंदुस्थानने त्याला गिबन वाचायला निवांतपणा दिला. इथल्या माणसांशी बोलायची गरज मात्र त्याला वाटली नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. दुसऱ्या महायुद्धाचा त्याचा सहा खंडांचा इतिहास १९४८ ते १९५३ या काळात आला, आणि १९५३ मध्येच त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. हे खंड कसे तयार झाले, ते डेव्हिड रेनॉल्ड्सने ‘इन कमांड ऑफ हिस्टरी’ (२००४) मध्ये उलगडून दाखवलं. या सगळ्या वाचनातलं हे माझं अत्यंत आवडतं पुस्तक. चर्चिलच्या मागे एक फळीच होती : ऑक्सफर्डचा इतिहासकार बिल डीकिन, सेनानी पाउनल आणि इस्मे, नौदलाचा ॲलन. ते मसुदे करत, कागद शोधत, आणि चर्चिल चार्टवेलच्या घरी येरझाऱ्या घालत मजकूर सांगत असे. पंतप्रधानपद सोडताना आपली युद्धकाळातली टिपणं बरोबर नेण्याची सोय त्याने करून घेतली होती. त्यामुळे इतर कोणाच्याही आधी त्याच्या हाती पुरावा होता. काय छापायचं हेही तोच ठरवत होता. जर्मन सांकेतिक संदेश ब्लेचली पार्कमध्ये उलगडले जात होते, त्याचा उच्चारही तेव्हा शक्य नव्हता. शेवटचा खंड निघाला तेव्हा आयझेनहॉवर अमेरिकेचा अध्यक्ष झाला होता, म्हणून त्याच्याशी झालेले मतभेद सौम्य केले गेले. असं पानापानावर आहे. रेनॉल्ड्स वाचल्यावर ते सहा खंड कमी आवडत नाहीत. ते वाचायचे कसे, ते मात्र कळतं.

यातून गाळलेली सर्वांत मोठी गोष्ट मे १९४० ची आहे.

दुसऱ्या खंडात चर्चिल सांगतो की, एकट्याने लढावं की नाही हा प्रश्न युद्धमंत्रिमंडळाच्या विषयपत्रिकेवर कधी आलाच नाही. १९७० नंतर त्या बैठकांची टिपणं खुली झाली आणि २६ ते २८ मे या तीन दिवसांत मंत्रिमंडळ जवळजवळ याच एका प्रश्नावर बसत होतं, हे उजेडात आलं. जॉन लुकाक्सचं ‘फाइव्ह डेज इन लंडन, मे १९४०’ (१९९९) हे छोटं पुस्तक या दिवसांचंच आहे. बेल्जियम कोसळत होतं, फ्रान्सचा धीर सुटला होता, ब्रिटनचं फ्रान्समधलं बहुतेक सैन्य डंकर्कच्या किनाऱ्यावर कोंडलं गेलं होतं. त्यातलं कितीसं परत येईल याचा भरवसा नव्हता. तीन लाख अडतीस हजार सैनिक सुटून येतील असं त्या दिवशी कोणी म्हटलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. अशा वेळी परराष्ट्रमंत्री लॉर्ड हॅलिफॅक्सने मांडलं की, मुसोलिनीला मध्यस्थ घालून हिटलरच्या अटी काय आहेत ते निदान विचारून तरी पाहावं. युद्धमंत्रिमंडळात पाच माणसं : चर्चिल, हॅलिफॅक्स, माजी पंतप्रधान चेंबरलेन, आणि मजूर पक्षाचे ॲटली व ग्रीनवुड. चर्चिलला पंतप्रधान होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, हुजूर पक्षाचा मोठा भाग त्याला उपरा समजत होता. हॅलिफॅक्सने राजीनामा दिला असता तर सरकार गडगडलं असतं. २७ तारखेला त्याने तशी धमकीही दिली, आणि चर्चिलने त्याला बागेत नेऊन समजावलं.

२८ तारखेला संध्याकाळी चर्चिलने युद्धमंत्रिमंडळाबाहेरच्या पंचवीसेक मंत्र्यांना आपल्या खोलीत बोलावलं. तिथे तो काय बोलला, ते ह्यू डाल्टन या मजूर पक्षाच्या मंत्र्याने आपल्या रोजनिशीत उतरवलं आहे. या माणसाशी, म्हणजे हिटलरशी, बोलणी करण्याचा विचार माझ्याही मनात आला, पण एकदा वाटाघाटीला बसलो की आरमार मागतील, तळ मागतील, आपण गुलाम होऊ. त्यापेक्षा आपल्यातला प्रत्येक जण रक्ताच्या थारोळ्यात पडेपर्यंत लढलेलं बरं, असा त्याचा आशय. मंत्री उठून त्याच्याभोवती जमले, काहींनी पाठ थोपटली. सात वाजता युद्धमंत्रिमंडळ पुन्हा भरलं तेव्हा हॅलिफॅक्सचा मुद्दा संपलेला होता. चेंबरलेनही चर्चिलच्या बाजूला आला होता. त्याच्या मनाचा मोठेपणाही नोंदवायला हवा.

आपल्या आयुष्यातला सर्वांत मोठा विजय चर्चिलने स्वतःच्या पुस्तकातून का गाळला? हॅलिफॅक्स तेव्हा हयात होता, त्याचा सहकारी होता, त्याला उघडं पाडायचं नव्हतं. आणि ब्रिटन एकदिलाने उभा राहिला हे चित्र त्याला हवं होतं. गाळल्यामुळे तो लहान झाला. खरा चर्चिल त्याच्या पुस्तकातल्या चर्चिलपेक्षा धीराचा होता, कारण त्याला आधी स्वतःच्याच मंत्रिमंडळाला जिंकावं लागलं.

या हॅलिफॅक्सला आपण दुसऱ्या नावाने ओळखतो. तोच लॉर्ड आयर्विन, १९२६ ते १९३१ या काळातला व्हाइसरॉय. सांगलीला कृष्णेवरच्या १९२९ च्या पुलाला अजून त्याचंच नाव आहे. हिंदुस्थानला वसाहतीचं स्वराज्य देणं हे ध्येय असल्याची घोषणा त्याने केली, गांधीजींना तुरुंगातून सोडलं, त्यांच्याशी समोरासमोर बसून मार्च १९३१ चा करार केला. ज्या आठवड्यात गांधीजी सुटले, त्याच आठवड्यात चर्चिल या धोरणाच्या निषेधार्थ पक्षाच्या आघाडीच्या बाकावरून उठला. गांधीजी व्हाइसरॉयच्या वाड्याच्या पायऱ्या चढताहेत याचीच त्याला किळस आली, आणि अर्धनग्न फकीर हे शब्द त्याने फेब्रुवारी १९३१ मध्ये तेव्हाच काढले. पुढची चार वर्षं तो हिंदुस्थानच्या कारभाराच्या १९३५ च्या कायद्याशी झुंजत राहिला.

मला या सगळ्या वाचनातलं हे सर्वांत विलक्षण वाटतं. माणसं तीच दोन. १९३१ मध्ये आयर्विन बरोबर होता आणि चर्चिल चूक. १९४० मध्ये चर्चिल बरोबर आणि आयर्विन चूक. आयर्विनचा स्वभाव समोरच्याचं म्हणणं ऐकून तोडगा काढण्याचा. गांधीजींसमोर तो शोभला, हिटलरसमोर त्याने देश बुडवला असता. चर्चिलचा स्वभाव तडजोडीला पायरीवर पाऊल न ठेवू देण्याचा. तो हिटलरसमोर तारून गेला, आपल्यासमोर आंधळा ठरला. रॉबर्ट ऱ्होड्स जेम्सने ‘अ स्टडी इन फेल्युअर’ (१९७०) मध्ये याच्याशी जोडून आणखी एक धागा दाखवला आहे : हिंदुस्थानच्या प्रश्नावर चर्चिलने इतकी टोकाची भाषा वापरली, की पुढे हिटलरबद्दल त्याने तीच धोक्याची घंटा वाजवली तेव्हा लोकांनी कानाडोळा केला. आपल्याविरुद्धच्या हट्टाची किंमत युरोपनेही मोजली.

रोजनिशी लिहिणाऱ्यांत पहिला मान मी जॉन कोल्व्हिलला देते. हा पंतप्रधानांच्या कचेरीतला तरुण खासगी सचिव. चर्चिल पंतप्रधान झाला तेव्हा तो आणि त्याचे सहकारी चिंतेत पडले होते. हा बेभरवशाचा माणूस आता काय करून ठेवील, अशी भाषा त्याच्या त्या दिवसांच्या नोंदींत आहे. काही आठवड्यांत सूर बदलत जातो. कोणी पटवून दिलं म्हणून तो बदलत नाही. रोज सकाळी अंथरुणात बसून, मांडीवर पेटी घेऊन कागद हातावेगळे करणारा आणि ‘आजच कृती करा’ अशी लाल चिठ्ठी डकवणारा माणूस त्याला दिसत जातो. ‘द फ्रिंजेस ऑफ पॉवर’ (१९८५) हे पुस्तक हाती घेतलं की ठेववत नाही.

सेनाप्रमुख ॲलनब्रुकची रोजनिशी अगदी वेगळ्या चवीची. ती त्याने बायकोसाठी लिहिली होती. १९५७ आणि १९५९ मध्ये आर्थर ब्रायंटने तिचे सावध उतारे छापले, संपूर्ण रूप २००१ मध्ये आलं. मध्यरात्रीनंतरच्या बैठका, नॉर्वेवर पुन्हा उतरायचे किंवा सुमात्राला जायचे चर्चिलचे हट्ट, नकाशावर बोट ठेवून सेना हलवण्याची त्याची खोड, या सगळ्यावर तो चरफडतो. सप्टेंबर १९४४ च्या एका नोंदीत तो म्हणतो की, या माणसाशिवाय इंग्लंड निश्चित बुडालं असतं, आणि याच्यामुळे ते वारंवार बुडण्याच्या काठावर आलं. या रोजनिशीतला एक मोठा वाद इटलीच्या मोहिमेचा. लंडनमधल्या त्या बैठकांचे निर्णय डोंगरदऱ्यांत राबवणाऱ्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. नायक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशिनगनचं ठाणं मारून तिथेच पडले, नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर जखमी सोबत्यांना ओढून आणलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ॲलनब्रुक वाचताना मी ही नावं शेजारी ठेवते.

आता बंगाल. सहा खंडांच्या मुख्य कथनात १९४३ च्या दुष्काळाला जागा नाही. सरकारी चौकशी आयोगाने मृत्यूंचा आकडा १५ लाख धरला, अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात तो ३० लाखांच्या घरात नेला. ब्रह्मदेश पडल्यावर तिथला तांदूळ बंद झाला. जपान्यांच्या हाती लागू नये म्हणून किनारी जिल्ह्यांतून तांदूळ आणि होड्या हलवल्या गेल्या. ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरवर वादळ आलं. सैन्य आणि कलकत्त्याच्या खरेदीने भाव भडकले, आणि शेतमजुराच्या हाताला धान्य लागेना. इथपर्यंतची कारणं चर्चिलच्या एकट्याच्या माथी मारता येत नाहीत. पण भारतमंत्री लिओ अमेरीची रोजनिशी काढावी. गोरखपूरला जन्मलेला, हॅरोच्या शाळेत चर्चिलने ज्याला तलावात ढकललं होतं, आणि मे १९४० मध्ये चेंबरलेनला घालवणारं घणाघाती भाषण ज्याने केलं, तो हा अमेरी. साम्राज्यावर त्याचीही श्रद्धा होती. ऑगस्ट १९४३ मध्ये हिंदुस्थानसाठी पाच लाख टन गहू मागायला तो मंत्रिमंडळासमोर गेला आणि त्यातला लहानसा वाटा पदरात घेऊन परतला. हिंदी माणसांबद्दल चर्चिल तिथे जे बोलला, ते अमेरीने लिहून ठेवलं आहे. वर्षभराने, ऑगस्ट १९४४ मध्ये, त्याने चर्चिलला तोंडावर सांगितलं की, तुझ्या आणि हिटलरच्या दृष्टीत मला फारसा फरक दिसत नाही. हे हिंदी पुढाऱ्याचे शब्द नाहीत, त्याच्या स्वतःच्या मंत्र्याचे आहेत.

मधुश्री मुखर्जी यांच्या ‘चर्चिल्स सीक्रेट वॉर’ (२०१०) या पुस्तकाने हा विषय सामान्य वाचकांपुढे आणला. त्यावर आर्थर हर्मन, अँड्र्यू रॉबर्ट्स यांनी उत्तरं दिली आहेत : जहाजांची टंचाई खरी होती, बंगालच्या उपसागरात जपानी आरमाराची भीती होती, एप्रिल १९४४ मध्ये चर्चिलने रूझवेल्टकडे गव्हासाठी जहाजं मागितली आणि त्याने नकार दिला. या गोष्टी खऱ्या आहेत आणि वाचकाने त्या विसरू नयेत. पण एप्रिल १९४४ म्हणजे कलकत्त्याच्या रस्त्यांवर प्रेतं पडू लागून कितीतरी महिने उलटल्यावर. टंचाईत प्रत्येकाची जहाजं कमी करायची होती, आणि कोणाची आधी कमी करायची हे ठरवताना बंगालच्या माणसाचं वजन त्या टेबलावर सर्वांत कमी भरलं. ज्या माणसाच्या धैर्यावर मी इतकं प्रेम केलं, त्याच्याबद्दल हे लिहिताना मला वाईट वाटतं आणि रागही येतो.

याला पैशाचीही बाजू आहे. युद्धखर्चापोटी ब्रिटन हिंदुस्थानचं देणं लागत गेला. युद्ध संपेपर्यंत ही रक्कम १३० कोटी पौंडांच्या आसपास पोचली. आपण ज्यांचं रक्षण केलं त्यांनाच वर पैसे द्यायचे, या कल्पनेने चर्चिल संतापे. ती रक्कम आपल्या हक्काची आहे, हे जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेत मांडणाऱ्या हिंदी शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते.

मोठ्या चरित्रांबद्दल थोडक्यात सांगते. एकच घ्यायचं तर रॉबर्ट्सचं ‘वॉकिंग विथ डेस्टिनी’ (२०१८). सहावे जॉर्ज यांच्या रोजनिशीचा उपयोग करून लिहिलेलं आणि ओघवतं आहे, फक्त हिंदुस्थानच्या प्रकरणांत वकिली जास्त. रॉय जेंकिन्सचं (२००१) मला संसदेच्या खाचाखोचांसाठी आवडतं. तो स्वतः गृहमंत्री आणि अर्थमंत्री होता, ते कळतं. विल्यम मँचेस्टरचे खंड नाट्यमय आहेत, तरुणपणी वाचावेत. जेफ्री व्हीटक्रॉफ्टचं ‘चर्चिल्स शॅडो’ (२०२१) भक्तीवर उतारा म्हणून चांगलं. आणि रिचर्ड टॉयचं ‘चर्चिल्स एम्पायर’ (२०१०) आपल्याकडे जितकं वाचलं जायला हवं तितकं जात नाही.

शेवटी वेव्हेल. ऑक्टोबर १९४३ मध्ये तो व्हाइसरॉय झाला आणि आठवड्याभरात कलकत्त्याला जाऊन त्याने धान्यवाटपाला सैन्य लावलं. अबोल, एका डोळ्याने अधू असलेला हा सेनानी धान्यासाठी लंडनशी अक्षरशः भांडत राहिला. पेंडेरेल मूनने १९७३ मध्ये छापलेल्या त्याच्या रोजनिशीत जुलै १९४४ ची एक नोंद आहे : गांधी अजून मेले कसे नाहीत, असं विचारणारी पंतप्रधानांची तार आली. १९४५ मध्ये तो हिंदुस्थानच्या प्रश्नाची तड लावायला लंडनला गेला, तर त्याला आठवडेच्या आठवडे ताटकळत ठेवलं गेलं. त्याच उन्हाळ्यात चर्चिल निवडणूक हरला. ऑगस्टअखेर वेव्हेल त्याला भेटून निघाला तेव्हा लिफ्टचं दार लागता लागता चर्चिलने त्याला बजावलं की, हिंदुस्थानचा थोडासा तुकडा तरी राखून ठेव.

तिथून पुढची हकिगत निकोलस मॅन्सर यांनी संपादित केलेल्या सत्तांतराच्या बारा कागदपत्र-खंडांत आहे, आणि ज्यांना ती मराठीत हवी त्यांनी गोविंद तळवलकरांचं ‘सत्तांतर १९४७’ घ्यावं.